लोकप्रिय गाण्यांमुळे स्त्री-पुरुषांच्या ठरावीक प्रतिमा पक्क्या होतात का?

होतात, आणि त्याची सुरुवात गाणे कोण लिहितो इथूनच होते. आमच्या सोलापूरचे पेशवेकालीन शाहीर राम जोशी यांच्या काळापासून पाहिले, तरी लावणीत बोलते ती स्त्री, पण तिचे शब्द बहुतांशी पुरुषाने पुरुषांच्या बैठकीसाठी रचलेले असतात. म्हणून तिचा शृंगार, रुसवा, विनवणी ऐकू येते, तिचे कष्ट क्वचितच. आजच्या अनेक चित्रपटगीतांत नायक नकारानंतरही पाठलाग करतो आणि शेवटी तिचे हसू मिळवतो. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत लहान मुले हीच गाणी तोंडपाठ म्हणत नाचतात, तेव्हा नकार म्हणजे केवळ लाजणे हा अर्थ त्यांच्या मनात नकळत रुजतो, याची मला खरी काळजी वाटते. जात्यावरच्या ओव्यांत मात्र बाईने माहेर, सासुरवास आणि श्रम स्वतःच्याच शब्दांत मांडले आहेत.