सायकल-शंका : मुरूम, चाकोरी आणि करवंदीचे काटे

प्रश्न : माझ्याकडं सरळ हँडलची हायब्रीड सायकल आहे, टायर ७०० बाय ३५ (म्हणजे ३५ मिलिमीटर रुंद). डांबरावर छान पळते, पण जांबोटीकडच्या मुरमाच्या वाटेवर वळणात पुढचं चाक निसटतं आणि चढावर मागचं नुसतं गरगरतं. दुकानदार म्हणतो, ग्रॅव्हल सायकल (कच्च्या वाटांसाठीची, जाड टायरची) घ्या. लाखभर खर्च करावा काय?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : इतक्यात नको. आधी हवा बघा. बहुतेक जण टायरच्या कडेवर छापलेला सगळ्यात मोठा आकडा वाचून तेवढी हवा ठोकतात. तो आकडा म्हणजे टायर सोसू शकेल ती कमाल हवा. तेवढी भरलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ नाही.

आपल्याकडचा मुरूम म्हणजे जांभ्याचा झिजून झालेला चुरा. त्यात लोहाचे गोल खडे असतात आणि खाली कडक थर. घट्ट टायर त्या खड्यांवर गोट्यांवर ठेवल्यासारखा तरंगतो. थोडा मऊ असला, तर खडे पोटात घेऊन खालच्या थराला धरतो. तुमचं वजन ७५ किलोच्या आसपास असेल, तर ३५ च्या ट्यूबवाल्या टायरला पुढं ४२ आणि मागं ४८ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. दर फेरीला दोन-दोननं कमी करत जा. दगडावर आदळताना रिम ठणकन वाजली, की तीन वाढवा आणि तिथंच थांबा. त्याखाली गेलात, तर रिम आणि दगड यांच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. तसं पंक्चर दिसलं, तर काटा शोधत बसू नका. हवा कमी होती, एवढंच.

यानंतर टायर. ३८ किंवा ४० चा, मधे जवळजवळ सपाट आणि कडेला गाठी असलेला घ्या. बसेल का, हे दुकानात जाण्याआधी घरी तपासता येतं. सहा मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी चावी) टायर आणि फ्रेम यांच्या मधून दोन्ही बाजूंनी सहज फिरली पाहिजे, आणि ही जागा नव्या टायरनंतरही उरायला हवी. म्हणजे ३५ वरून ४० वर जायचं, तर आज प्रत्येक बाजूला साडेआठ मिलिमीटर हवेत. मागं एवढी जागा बहुधा नसते. मग पुढं ४० आणि मागं ३५ ठेवा. यात काही चुकत नाही, कारण निसटलं तर पाडतं ते पुढचं चाक.

चढावर उभं राहून पेडल मारू नका. बूड उचललं, की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते गरगरतं. बसूनच, छाती हँडलकडं झुकवून, हलक्या गिअरवर चढा. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीइतके किंवा त्याहून कमी असले, तर या भागातले बहुतेक चढ निघतात. वळणावर मात्र ब्रेक लावणं वळणाआधीच आवरा, बाहेरच्या बाजूचा पाय खाली ठेवा आणि त्यावर वजन द्या.

एवढं करूनही वर्षभर मन तिकडंच ओढत राहिलं, तर ग्रॅव्हल सायकल घ्या. तेव्हा ती तुम्हाला कळेलही.

प्रश्न : गाड्या नसलेली वाट शोधायची कशी? चोर्ल्याच्या रस्त्यावर रविवारी गोव्याच्या गाड्यांनी जीव मेटाकुटीला येतो.
– एक वाचक, शहापूर

उत्तर : तो रस्ता सोडाच. शहरापासून वीसेक किलोमीटरच्या आत पश्चिमेला बेळगुंदी, राकसकोप, बिजगर्णी, यळेबैल हा पट्टा आहे. गावागावांना जोडणारे अरुंद रस्ते, त्यांच्यामधून फुटणाऱ्या गाडीवाटा, काजूच्या बागा. थोडा चढ हवा असेल, तर शिनोळी फाट्यावरून देवरवाडी, वैजनाथ आणि वर महिपाळगड. गडाच्या आतच गाव वसलेलं आहे. त्या वाटेचा मुख्य भाग डांबरी आहे, मजा आहे ती आजूबाजूच्या कच्च्या वाटांत.

नकाशात उपग्रहाचं चित्र बघा, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. रेघ स्पष्ट दिसते आणि शेवटी कुणाच्या तरी बांधावर संपते. शेतात माणूस दिसला, तर ‘रस्ता आहे काय’ असं विचारू नका. पायवाट असली तरी ‘आहे की’ असंच उत्तर येतं. ‘ट्रॅक्टर पलीकडं जातो काय?’ असं विचारा. ट्रॅक्टर जात असेल, तर तुम्हीही जाल. बांधावर गव्यांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या तारेला हात लावू नका, आणि फाटक उघडलं तर मागं लावून घ्या.

उसाचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. दोन-दोन ट्रॉल्यांनी ओल्या वाटेत पाडलेल्या चाकोऱ्या वाळून सिमेंटसारख्या होतात. एक तर चाकोरीत राहा किंवा दोन चाकोऱ्यांच्या मधल्या गवतावर. बाहेर पडायचंच असेल, तर वेग कमी करून काटकोनात पडा. तिरकं गेलात, की चाक कडेला घासतं आणि माणूस आडवा होतो.

प्रश्न : ट्यूब बदलली आणि अर्ध्या तासात परत पंक्चर! असं का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : कारण काटा टायरमध्येच राहिला. करवंदीच्या काट्याचं टोक आत मोडतं आणि बोटाला लागत नाही. कापसाचा बोळा टायरच्या आतून पूर्ण फिरवा. जिथं तंतू अडकतील, तिथं टोक आहे. ते नखचिमट्यानं बाहेरच्या बाजूला ढकलून काढा. आणखी एक सवय लावा : टायरवरची छापील खूण नेहमी व्हॉल्व्हसमोर बसवा. मग ट्यूबमधलं भोक कुठं आहे त्यावरून टायरमधली जागा लगेच सापडते.

ट्यूबलेस केलंत, तर ४० च्या टायरला साधारण ६० ते ८० मिलिलिटर सीलंट (बारीक भोकं आपोआप बुजवणारा द्रव) घाला. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत आटतं. चाक कानाशी धरून हलवा. खुळखुळ ऐकू आली नाही, तर भरायची वेळ झाली. धारदार दगडानं पडलेली मोठी चीर त्यानं बुजत नाही, म्हणून चिरेत खुपसायचे रबरी प्लग आणि एक ट्यूब जवळ असू द्या.

प्रश्न : भीमगडच्या जंगलात सायकल नेता येते का?
– एक वाचक, नंदगड

उत्तर : आतल्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. ‘गावकरी जातात की’ हे कारण चालत नाही. ते तिथं राहतात. हेम्माडगाकडं जाणारा सार्वजनिक रस्ता आहे, त्यावरच राहा.

तिथं सकाळी सातच्या आधी आणि दुपारी चारनंतर रेंगाळू नका. गवा दिसला तर थांबा, सायकल आपल्या आणि त्याच्यामध्ये धरा, घंटी वाजवू नका, सावकाश मागं सरका. एकटा नर कळपापेक्षा जास्त बेभरवशाचा असतो. नेटवर्कचा भरवसा नसतो, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

प्रश्न : पाऊस संपल्यावर लगेच निघावं का?
– एक वाचक, कंग्राळी

उत्तर : दसऱ्यापर्यंत तरी थांबा. लाल माती ओली असली, की चिखल टायर आणि फ्रेममध्ये गच्च बसून चाकच अडतं. गिअर ओढाल, तर मागचा हँगर (गिअरचा सांगाडा फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकतो. सावलीतल्या जांभ्यावर शेवाळ असतं, तिथं पेडल न मारता सरळ जाऊ द्या. घरी आल्यावर ब्रेकच्या डिस्कवर साधं पाणी ओता आणि पुसा. चेनला तेल लावताना ते डिस्कवर उडणार नाही, हे बघा. ब्रेकच्या पॅडला तेल लागलं, तर ते बदलण्यावाचून सहसा इलाज नाही.

प्रश्न : जंगलात गोचीड लागते. माकडतापाची भीती कितपत खरी?
– एक वाचक, जांबोटी

उत्तर : खरी. गोचिडीच्या चाव्यातून होणारा हा ताप १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. पुढं गोव्यातल्या सत्तरीत आणि दोडामार्ग भागातही रुग्ण सापडले. डिसेंबर ते मे हा त्याचा मुख्य काळ. विश्रांतीला पाचोळ्यावर किंवा गवतावर बसू नका, खडक किंवा उघडी जागा बघा. मोजे लांब घाला, कर्नाटक आरोग्य खातं वाटतं ते गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल पायांना लावा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, गुडघ्यामागं आणि काखेत बघा. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. मेलेलं माकड दिसलं, तर जवळ न जाता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. आठवड्याभरात एकदम जोराचा ताप आणि डोकेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आधी सांगा.