मनातलं विचारा : भीती वाटते म्हणजे विश्वास कमी पडतो का?

प्रश्न : ताई, गेले काही महिने घरात एकामागून एक चाललंय. मिस्टरांची नोकरी गेली, कर्जाचे हप्ते काही थांबत नाहीत आणि त्यात सासूबाईंचं आजारपण. मी रोज मनापासून प्रार्थना करते, पण रात्री मध्येच जाग येते, छाती धडधडायला लागते आणि मग सकाळपर्यंत झोप नाही. जाऊबाई म्हणाल्या, देवावर खरा विश्वास असता तर एवढी घाबरली नसतीस. आता मला त्याचंच टेन्शन आलंय, माझी श्रद्धाच खोटी आहे का?

उत्तर : जाऊबाईंचं बोलणं आधी बाजूला ठेवू, कारण तुमच्या डोक्यावर आधीच तीन ओझी होती आणि त्यांनी त्यात चौथं टाकलं. छाती धडधडणं ही श्रद्धेची परीक्षा नाहीये हो. मेंदूला धोका जाणवला की अॅड्रेनॅलिन सुटतं, हृदयाचे ठोके वाढतात, तोंड कोरडं पडतं, आणि हे सगळं आपण विचार करायच्या आधीच होऊन जातं. समोर वाघ असो नाहीतर बँकेचा मेसेज, शरीर दोन्हीला सारखंच उत्तर देतं. यात देवाचा अपमान वगैरे काही होत नाही.

गीतेचा पहिला अध्याय आठवून बघा. अर्जुनाचे हातपाय गळालेत, तोंडाला कोरड पडलीये, अंग थरथरतंय, हातातून गांडीव निसटतंय. ती भीती होती की शोक यावर लोक वाद घालतील, घालू देत, अंगाची अवस्था तुमच्यासारखीच होती. आणि ही अवस्था कोणाची, तर ज्याच्या रथावर साक्षात कृष्ण बसलाय त्याची! देव हातभर अंतरावर असून माणूस असा कोलमडू शकतो, मग तुम्ही रात्री घाबरून उठलात तर श्रद्धा खोटी कशी ठरते? कृष्ण त्याला आधी चांगलं झापतो हेही खरं, पण सोडून जात नाही, अठराव्या अध्यायापर्यंत बोलत राहतो. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तो युद्ध रद्द करत नाही आणि अर्जुनाच्या हातून धनुष्य काढून स्वतःही लढत नाही. शेवटी म्हणतो काय, तर नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर.

भरवसा म्हणजे मी तरी एवढंच समजते. पुढे वाईट काही होणारच नाही अशी लेखी हमी देव कुणालाच देत नाही, आणि जो माणूस देवाच्या नावाने तशी हमी देतो त्याच्यापासून जरा लांबच राहा. उद्याचं काही ठरलेलं नसताना आजचं काम हातात घेता येतं, एवढं बळ मात्र मिळतं. आणि भीती येऊन जाणं वेगळं, भीतीला घराचा कारभार देऊन टाकणं वेगळं. बँकेचे फोन उचलायचेच नाहीत, रिपोर्ट उघडायचाच नाही, नवऱ्याशी पैशांचा विषय काढायचाच नाही, असं सुरू झालं की समजायचं आता ती कारभार बघायला लागली. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढच्या वेळी तीच गोष्ट दुप्पट मोठी दिसते. तेव्हा प्रार्थना झाली की लगेच, त्याच बैठकीत, त्या दिवसाचं एक टाळलेलं काम करून टाका. हप्ता झेपत नसेल तर तो चुकायच्या आधीच बँकेशी बोला, मुदत वाढवता येईल का ते विचारा. ही विचारणा करणं तुमच्या हातात, त्यांचं उत्तर तुमच्या हातात नाही, आणि देवावर सोडायचं ते हे उत्तर.

रात्री जाग आली तर अंधारात हिशोब करत पडू नका, त्या वेळी प्रत्येक आकडा राक्षस वाटतो. जप करत असाल तर तोच करा पण सावकाश, श्वास सोडताना जास्त वेळ घेऊन. इटलीतल्या लुचानो बर्नार्डी यांनी २३ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला होता, २००१ साली तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यात जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि एक बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना लोकांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लयही त्यासोबत सुधारली. म्हणजे नामस्मरणाने जीव शांत होतो असं आजी म्हणायची त्यात शरीराचाही भाग आहे. तरीही आठवडेच्या आठवडे झोप नसेल, भूक गेली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर थांबू नका, डॉक्टरकडे जा. गोळी घेतली म्हणून श्रद्धा कमी होत नाही.

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाने बीपीच्या गोळ्या बंद केल्यात. म्हणतो, देव बघून घेईल, माझा पूर्ण भरवसा आहे. त्याला कसं समजावू? धर्माचं बोललं की चिडतो.

उत्तर : धर्माच्याच बाजूने बोला, मग चिडायला कारण राहणार नाही. इस्लामी परंपरेत एक प्रसिद्ध गोष्ट आहे, एकाने पैगंबरांना विचारलं की उंट बांधून देवावर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? उत्तर आलं, आधी बांध, मग भरवसा ठेव. केनेथ पार्गमेंट नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली संकटात माणसं देवाशी कशी वागतात याचे तीन प्रकार मांडले होते : सगळं देवावर टाकून बसणारे, सगळं स्वतःच करणारे आणि देवाला सोबत घेऊन करणारे. तुमचे दादा पहिल्यात बसलेत, त्यांना तिसऱ्यात आणायचंय. गोळी हातात घेऊन देवाचं नाव घ्या आणि गिळा, एवढंच सांगा. पण अचानक गोळ्या बंद करणं धोक्याचं असतं, त्यामुळे वाद जिंकायची वाट न बघता याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांसमोर बसवा.

प्रश्न : मुलीच्या आजारपणानंतर सारखं वाटतं की देव मला कशाची तरी शिक्षा देतोय. आई म्हणते मागच्या जन्माचं काहीतरी असेल. प्रार्थनेला बसलो की भक्ती राहते बाजूला, नुसता राग येतो.

उत्तर : दादा, राग येतोय तर रागच सांगा देवाला, त्याच्यासमोर तरी गोड बोलायची सक्ती नको. बायबलमधल्या १५० स्तोत्रांत कितीतरी अशीच आहेत, सरळ तक्रारीची, तू कुठे लपलास, किती दिवस असं चालणार. त्याच बायबलात ईयोबाची कथा आहे, सगळं गमावलेला माणूस, आणि सांत्वनाला आलेले मित्र त्याला पटवत राहतात की तुझंच काहीतरी पाप असणार. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. आपल्याकडे तुकोबांचं बघा ना, १६३० च्या आसपासच्या त्या भयंकर दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको गेली, मुलगा गेला. ही त्यांच्या पापाची शिक्षा होती असं म्हणायची आज कुणाची हिंमत होईल?

देव शिक्षा करतोय असं धरून बसलेल्या माणसाचा मनस्ताप आणखी वाढतो, पार्गमेंट यांच्या नंतरच्या कामातही हे दिसलंय. मागच्या जन्माचं खरं-खोटं मी ठरवणार नाही, माझा तो अधिकारच नाही, पण आजार कशामुळे झाला हे तुम्हाला जाणून घ्यायचंच असेल तर ते मुलीच्या डॉक्टरांना विचारा, पुन्हा पुन्हा विचारा, लाजू नका. आणि एक गोष्ट आजपासूनच करा, मुलीच्या कानावर शिक्षा, पाप, भोग असलं काही पडू देऊ नका, आईंनाही हात जोडून सांगा. मुलं दुसऱ्या खोलीतूनही ऐकत असतात, आणि घरावर हे सगळं आपल्यामुळेच आलं असं मनात धरतात, वर आपल्याला विचारतही नाहीत.