वेग ११ मेगाबाइटवरच अडकत असेल, तर आधी भिंतीतली केबल उघडून पाहा

आपण गोव्यातल्या साखळीहून लिहिले आहे की, तळमजल्यावरील संपादनाच्या संगणकावरून माडीवरील साठवणीच्या संगणकावर लग्नाच्या चित्रीकरणाच्या फाइल्स पाठवताना वेग सेकंदाला ११ मेगाबाइटच्या वर जात नाही. ६०० गीगाबाइटची प्रत संध्याकाळी लावली, तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण होते. दोन्ही संगणकांचे पोर्ट आणि मधला स्विच (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारी पेटी) गीगाबिटचे, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटचे आहेत, नवी डिस्क घालूनही फरक पडलेला नाही आणि आता आपण राउटर बदलण्याच्या विचारात आहात. माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे की, राउटरवर खर्च करण्यापूर्वी हे उत्तर शेवटपर्यंत वाचावे. फोंडा तालुक्यातील आमच्या घरात हेच दुखणे जवळजवळ चौदा महिने होते, आणि आपण दिलेला आकडा वाचताच मला ते सारे दिवस आठवले.

मेगाबिट आणि मेगाबाइट यांतला फरक (आठ बिटांचा एक बाइट), फोल्डर शेअर करण्याची पद्धत इत्यादी गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत असे मी धरून चालतो. मला बोलायचे आहे ते त्या ११ या आकड्याविषयी. डिस्क दमली, अँटिव्हायरस मध्ये आला किंवा संगणक तापला, तर वेग वरखाली होतो. कधी ६०, कधी २५, कधी क्षणभर शून्य, असा तो आलेख हलत राहतो. आपल्याकडे मात्र तो ११ ते ११.५ च्या दरम्यान आखलेल्या रेषेसारखा सरळ राहतो असे आपणच लिहिले आहे. १०० मेगाबिटच्या जोडणीला आठाने भागले की १२.५ मेगाबाइट येतात, आणि प्रत्येक पाकिटाबरोबर, म्हणजे फाइलच्या प्रत्येक लहान तुकड्याबरोबर, जाणारी पत्त्याची व तपासणीची माहिती वजा केली की प्रत्यक्ष फाइलसाठी ११ ते ११.८ उरतात. गीगाबिट जोडणीवर हाच हिशेब ११० च्या आसपास जातो. म्हणजे आपली जोडणी संथ चाललेली नाही. ती १०० मेगाबिटची म्हणून पूर्ण क्षमतेने चालली आहे. दोन्ही टोकांना गीगाबिटची यंत्रे असताना ती १०० वर का उतरली, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

याचे उत्तर बहुतेक वेळा तारांमध्ये असते. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांतल्या दोनच जोड्या, म्हणजे १, २, ३ आणि ६ या क्रमांकांच्या चार तारा पुरतात. गीगाबिटला चारही जोड्या लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटलेली, गंजलेली किंवा मुळात जोडलेलीच नसली, तरी दोन्ही यंत्रे आधी गीगाबिटचा प्रयत्न करतात, तो साधत नाही असे दिसल्यावर त्यांतली बरीचशी यंत्रे निमूटपणे १०० वर उतरतात आणि काम सुरू ठेवतात. पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. इंटरनेट चालते, चित्रफिती दिसतात, छपाई होते, त्यामुळे घरातल्या कोणालाही संशय येत नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण ती आपल्याही घरात झालेली असू शकते. आमचे घर जुने चिरेबंदी आहे. दुरुस्तीच्या वेळी माडीपर्यंत केबल न्यायची होती, आणि जांभ्याच्या जाड भिंतीत चर मारणे किती कष्टाचे व खर्चाचे असते हे आपल्याला वेगळे सांगायला नको. आमचा वायरमन म्हणाला, “केबलीत आठ तारा असतात, नेटला चारच लागतात. उरलेल्या चारांवर माडीवरच्या दुसऱ्या खोलीचीही जोडणी होईल, दुसरा चर नको.” एक चर वाचला म्हणून मी आनंदाने होकार दिला. त्याने मला फसवले असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण १०० मेगाबिटच्या काळात ही युक्ती खरोखर चालत असे आणि आमच्याकडेही ती चालली. माझी चूक अशी की, त्या निर्णयाची मी कुठेही नोंद ठेवली नाही. गिलावा झाला, रंग झाला, आणि वर्षभरात मी ती गोष्ट पूर्णपणे विसरलो.

पुढे मी आमच्या आणि शेजारच्या गावांतील जत्रेच्या नाटकांची जुनी ध्वनिचित्रमुद्रणे एकत्र करायला घेतली. कॅसेटवरून संगणकात, आणि तिथून माडीवरच्या साठवणीत. वेग ११ वर अडकला. मी माझ्या इंटरनेट सेवा देणाऱ्यांच्या कार्यालयात तक्रार केली, आणि इथून माझा सर्वाधिक वेळ व पैसा वाया गेला. मी तिथे स्पष्ट सांगितले होते की फाइल घरातल्या घरात एका संगणकावरून दुसऱ्यावर जाते आहे. तरी दर वेळी आलेल्या माणसाने इंटरनेटचा वेगच मोजला. माझी योजना १०० मेगाबिटची होती, मोजणीत ९४ आले, आणि “सर्व व्यवस्थित आहे” असा शेरा मारून तक्रार बंद झाली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा २०० ची योजना घ्या, म्हणजे सगळेच वेगवान होईल, असा सल्ला मिळाला. मी वर्षभराचे पैसे आगाऊ भरले. माडीवरच्या संगणकावर पुन्हा ९४. राउटरजवळ मोबाइल धरून मोजले तेव्हा १९० च्या वर. तिसऱ्यांदा तक्रार बंद करताना मला सांगण्यात आले की दोष आमच्या संगणकात आहे.

मला आजही याचा संताप येतो, कारण २०० च्या योजनेवर केबलने जोडलेल्या संगणकात बरोबर ९४ दिसणे ही गोष्ट ज्याचा हा व्यवसाय आहे त्याला पहिल्याच दृष्टिक्षेपात कळायला हवी होती. १०० मेगाबिटच्या जोडणीतून प्रत्यक्ष माहिती जास्तीत जास्त ९४–९५ मेगाबिटच जाऊ शकते. तो आकडा तीन वेळा त्यांच्या हातात होता. शिवाय घरातल्या दोन संगणकांमधली फाइल घराबाहेर जातच नाही, तिचा इंटरनेटच्या योजनेशी काडीचाही संबंध नाही, हे माहीत असूनही ग्राहकाला मोठी योजना विकणे मला अयोग्य वाटते. कार्यालयाचे नाव घेण्याची माझी इच्छा नाही. आपल्याला कोणीही असा सल्ला दिला तर पैसे भरू नयेत, एवढ्यासाठीच हे लिहिले.

पैशापेक्षा मोठे नुकसान वेगळेच झाले. प्रत काढायला रात्र लागते आणि मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरुवात करावी लागते, म्हणून मी प्रत काढणे पुढे ढकलत गेलो. मे महिन्यातल्या गडगडाटी पावसाच्या एका रात्रीनंतर तळमजल्यावरची डिस्क उघडेना. तिच्यातल्या नाटकांच्या मूळ कॅसेट मालकांना परत गेल्या होत्या आणि त्यांतल्या दोन पुढे बुरशीने खराब झाल्या. ज्या वयोवृद्ध कलाकारांची कामे त्यांत होती, ते आता हयात नाहीत. आपल्याकडे लोकांच्या लग्नाचे चित्रीकरण आहे, ते पुन्हा करता येत नाही, म्हणून मी एवढ्या आग्रहाने लिहितो आहे. वेगाचा प्रश्न सुटेपर्यंत वाट पाहू नका. आजच एका बाहेरच्या डिस्कवर थेट प्रत काढून ठेवा.

चवथीच्या सुट्टीत भाचा घरी आला तेव्हा त्याने संगणकातली जोडणीची माहिती उघडून लिंकचा वेग, म्हणजे दोन्ही टोकांच्या यंत्रांनी आपसांत ठरवलेला जोडणीचा वेग, पाहिला. तिथे १०० लिहिलेले होते. मग त्याने त्याचा लॅपटॉप हातभर लांबीच्या केबलने थेट स्विचला लावला, तर १००० आले. त्यावरून दोष भिंतीतल्या केबलमध्ये आहे हे पाच मिनिटांत सिद्ध झाले. माडीवरच्या भिंतीतली सॉकेटची प्लेट उघडल्यावर नारिंगी व हिरवी जोडी एका सॉकेटला आणि निळी व तपकिरी जोडी दुसऱ्या सॉकेटला गेलेली दिसली, आणि वायरमनचे ते बोलणे मला आठवले. आम्ही दुसऱ्या खोलीची जोडणी काढून टाकली, आठही तारा एकाच सॉकेटला नीट बसवल्या, दुसऱ्या टोकालाही तसेच केले, आणि त्याच केबलवरून त्याच संगणकांत वेग ११२ वर गेला. खर्च दोन सॉकेटचा.

म्हणून आपण याच क्रमाने जावे. प्रथम दोन्ही संगणकांवर लिंकचा वेग पाहा. विंडोजमध्ये इथरनेटच्या माहितीत तो सरळ लिहिलेला असतो, आणि बऱ्याच स्विचवर १०० साठी व १००० साठी दिव्याचा रंग वेगळा असतो. ज्या बाजूला १०० दिसेल, त्या बाजूचा संगणक उचलून स्विचजवळ आणा आणि छोट्या, चांगल्या केबलने जोडा. तिथे १००० आले तर संगणक निर्दोष आहे, आणि प्लेट उघडण्याची वेळ आली आहे. प्रत्येक टोकाला आठही तारा आहेत का, त्यांचा क्रम दोन्हीकडे सारखा आहे का, कुठे तारा पिळून टेप गुंडाळून जोड दिलेला आहे का, हे डोळ्यांनी पाहा. केबल तपासण्याच्या बाजारातल्या स्वस्त टेस्टरवर पूर्ण भिस्त ठेवू नये. आठही दिवे लागले म्हणजे तारा अखंड आहेत एवढेच कळते. क्रम बरोबर असूनही जोड्या चुकीच्या पिळल्या असतील, तर टेस्टर ते दाखवत नाही आणि जोडणी मात्र डळमळीत राहते.

एक सावधगिरी सांगणे माझे कर्तव्य आहे. मी या विषयातला पदवीधर नाही, मला जे कळले ते माझ्या घरात आणि नंतर चार-पाच परिचितांच्या घरांत काम करताना कळले. जुन्या घरांत नेटची केबल आणि विजेच्या तारा एकाच पाइपातून ओढलेल्या मी पाहिल्या आहेत. तसे असल्यास मुख्य स्विच बंद करूनच बॉक्स उघडावा आणि ते काम जाणत्या वायरमनकडून वेगळे करून घ्यावे.

दोन्हीकडे १००० दिसूनही वेग कमी असेल, तर कारण निराळे असेल. आयपर्फ३ हा विनामूल्य प्रोग्राम दोन्ही संगणकांवर चालवला की डिस्कला मध्ये न आणता केवळ जोडणीचा वेग मोजता येतो. तो ९०० मेगाबिटच्या वर आला तर केबलचा विषय तिथेच संपतो. मग हजारो बारीक फोटो एकेक करून जात असल्यामुळे वेळ लागतो आहे का, नेटची जोडणी यूएसबी २ च्या अडॅप्टरमधून आहे का, हे पाहावे लागेल. सेवा देणाऱ्यांनी बसवलेल्या काही पेट्यांमध्ये एकच पोर्ट गीगाबिटचा असतो आणि बाकीचे १०० चे असतात, तेव्हा संगणक त्या पेटीला न लावता आपल्या स्विचलाच लावावेत. वायफायचा पर्याय आपण विचारला आहे, पण चिऱ्यांच्या भिंतींच्या घरात ६०० गीगाबाइट वायफायने पाठवण्याच्या मी विरुद्ध आहे. दोन्ही संगणक वायफायवर असतील तर प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जाते आणि वेग साधारण अर्ध्यावर येतो.

केबल नव्याने ओढावी लागली, तर शुद्ध तांब्याचीच घ्यावी, हे माझे ठाम मत आहे. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबली स्वस्त मिळतात, पण त्यांचा विद्युत रोध जास्त असतो आणि तार वाकवताना तुटते. तार ब्लेडने खरवडली की आतला पांढरा धातू लगेच दिसतो, दुकानातच तसे करून पाहावे. घरातल्या अंतरासाठी कॅट ५ई या प्रकारची केबल पुरते, कारण गीगाबिट १०० मीटरपर्यंत तिच्यावर चालते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि समुद्राकडच्या हवेत खारटपणाही असतो, त्यामुळे पश्चिमेकडच्या ओलसर भिंतीतले सॉकेट दर दोन-तीन वर्षांनी उघडून हिरवट गंज चढला आहे का हे पाहणे बरे. आपण अंगणापलीकडच्या खोलीत दुसरी प्रत ठेवणार आहात असेही लिहिले आहे. तिथपर्यंत तांब्याची केबल नेऊ नये. ऑप्टिकल फायबर न्यावी, कारण तिच्यातून विजेचा धक्का वाहत नाही आणि पावसाळ्याआधीच्या विजांमध्ये दोन्हीकडची यंत्रे एकदम जळण्याचा धोका टळतो.

प्लेट उघडल्यावर दोन्ही टोकांच्या तारांचे रंग कोणत्या क्रमाने आहेत आणि लिंकचा वेग किती दिसतो, हे इथेच लिहावे. आठांपैकी चारच तारा दिसल्या तर बाकीच्या चार कापू नयेत. त्या कोणत्या खोलीत गेल्या आहेत ते आधी शोधावे.