जपान राहू द्या, आधी जर्मनी

प्रश्न : आमचं कोल्हापुरात चपलांचं जुनं दुकान आहे. भाचीनं वेबसाइट करून दिली. वर कोपऱ्यात भाषांतराचं बटण आणि चाळीसेक देशांचे झेंडे आहेत. जर्मनी आणि जपानमधले लोक साइट बघून जातात असं ती आकडे दाखवून सांगते, पण तिकडची ऑर्डर एकही नाही. आता एक एजन्सी म्हणते, दहा भाषांत साइट करून देतो, दीड लाख द्या. द्यावेत का?
– एक वाचक, कोल्हापूर

नका देऊ. निदान आत्ता तरी नको.

पत्रात साइटचा पत्ता होता, म्हणून मी सरळ गिऱ्हाईक होऊन बसले. कापशी चपलांचा एक जोड निवडला, बर्लिनमधला पत्ता टाकला आणि तिथंच अडकले. तुमच्या फॉर्मला सहा आकडी पिनकोड हवा. जर्मनीत तो पाच आकडी असतो. मोबाइल नंबर दहाच आकडी पाहिजे. राज्यांच्या यादीत मिझोरामसुद्धा आहे, पण बर्लिन तिथं कुठून येणार? शेवटी पैसे भरायला फक्त यूपीआय. त्या बिचाऱ्या जर्मन माणसानं पैसे द्यायचे ठरवले तरी तुम्ही ते घेत नाही! हे दुरुस्त करायला भाषांतरकार लागत नाही. पिनकोडची आणि मोबाइलची अट सैल करा, राज्याचा रकाना ऐच्छिक ठेवा, किंमत युरोत दाखवा आणि पेपालची सोय करा. जर्मन लोक ते सर्रास वापरतात. आणि ती साइट उघडताच अंगावर येणारी दिवाळी सेलची पाटी परदेशी गिऱ्हाइकाला दाखवू नका.

मग मापं. तुमचे नंबर यूकेचे आहेत. यूकेचा एक नंबर वाढतो तेव्हा माप इंचाच्या तिसऱ्या भागानं, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरनं वाढतं. युरोपचा एक नंबर पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे ‘आठ म्हणजे बेचाळीस’ एवढ्यावर भागत नाही, मधल्या नंबरांना घोळ होतोच. पाऊल कागदावर ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजायला सांगा आणि प्रत्येक नंबरासमोर तीच लांबी छापा. कोल्हापुरी सुरुवातीला घट्ट बसते आणि वापरून पायाचा आकार घेते, हे तुमच्या गल्लीत पोरालाही ठाऊक असतं. तिकडच्या माणसाला नसतं. तो पहिल्याच दिवशी ‘लहान आली’ म्हणून परत पाठवणार.

आणि परत पाठवायचा त्याला हक्क आहे. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत, कारण न देता परत करता येते. हे तुम्ही साइटवर लिहिलं नाही, तर ती मुदत १२ महिन्यांनी वाढते. परतीचा टपालखर्च गिऱ्हाइकानं करायचा आहे हे आधी सांगितलं नसेल, तर तोही तुमच्या अंगावर येतो. त्याच्या मापानं मुद्दाम बनवलेल्या जोडाला मात्र हा हक्क लागू नाही. तुमच्यासारख्या कारागिरांच्या दुकानाला हे फायद्याचंच आहे, तेव्हा मापानं बनवून देण्यावर भर द्या.

कराचं थोडक्यात सांगते. जर्मनीत चपलांवर १९ टक्के व्हॅट आहे. १५० युरोपर्यंतच्या पार्सलसाठी जुलै २०२१ पासून आयओएसएस नावाची सोय आहे. तिच्यामुळे विक्रीच्या वेळीच कर घेऊन टाकता येतो. नाहीतर कुरियरवाला दारात कर आणि वर स्वतःची फी मागतो, गिऱ्हाईक पार्सल नाकारतं. भारतातल्या विक्रेत्याला यासाठी युरोपातला मध्यस्थ नेमावा लागतो. शिवाय डिसेंबर २०२४ पासून मालाच्या सुरक्षिततेसाठी जबाबदार असलेल्या युरोपातल्या व्यक्तीचं किंवा कंपनीचं नाव-पत्ता देणं बंधनकारक झालंय. दीड लाखातले काही पैसे इथं घाला. एजन्सीनं यातलं एक अक्षर तुम्हाला सांगितलं नाही, यावरून तिची पारख करा.

कातड्याबद्दलही लिहा. चामड्याची जी वस्तू अंगाला लागते, तिच्यात क्रोमियम सहाचं (क्रोमनं कमावलेल्या कातड्यात तयार होऊ शकणाऱ्या घातक रसायनाचं) प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली असावं, असा २०१५ पासून युरोपात नियम आहे. तुमचं कातडं खरोखरच बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असेल, तर प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि अहवाल साइटवर लावा. जर्मन गिऱ्हाइकाला तुमच्या पणजोबांच्या फोटोपेक्षा तो कागद पटेल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा तुम्हाला वापराधिकार असेल, तर तेही तिथंच सांगा.

जपान मला मोहाचा वाटतो, पण तूर्त सोडा. तिथं दहा हजार येनपर्यंतच्या पार्सलला एरवी आयातशुल्कात सूट मिळते, चामड्याच्या पादत्राणांना मिळत नाही.

आता भाषा. ते बटण काढून टाका, झेंडेही. बटण पानाचं रूप फक्त बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये बदलतं. गूगलला तुमचं इंग्रजी पानच दिसतं, त्यामुळे जर्मनमध्ये शोधणाऱ्याला तुम्ही सापडतच नाही. त्याऐवजी जर्मनची वेगळी पानं करा: मुखपृष्ठ, चार-पाच जोड, मापं, परतीचे नियम, आणि ‘इम्प्रेसुम’ म्हणजे मालकाचं नाव, पत्ता, ईमेल. जर्मन माणूस ते पान शोधतोच. पुण्यात जर्मन शिकलेली मंडळी भरपूर आहेत. एवढं काम नीट करून घेणं परवडतं. भाचीला सांगा, एचरेफलँगची, म्हणजे कोणतं पान कोणत्या भाषेचं हे गूगलला सांगणारी खूण इंग्रजी आणि जर्मन दोन्ही पानांवर एकमेकांकडे बोट दाखवणारी हवी, एकतर्फी असली तर गूगल ती मानत नाही. आणि भारतातून येणाऱ्याला इंग्रजी, जर्मनीतून येणाऱ्याला जर्मन असं आपोआप ढकलू नका. बर्लिनमध्ये राहणारा कोल्हापूरकर चिडेल.

जर्मन पान वाचून जर्मनमध्ये ईमेल येणार. त्याला उत्तर कोण देणार, हे पानं चढवायच्या आधी ठरवा.

प्रश्न : आम्ही नाशिकहून नेदरलँड्सला द्राक्षं पाठवतो. साइट डच भाषेत करावी का?
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

गरज नाही. तुमचं गिऱ्हाईक ठोक आयातदार आहे, तो रोज इंग्रजीतच सौदे करतो. त्याला हंगामाचे महिने, वाण, मण्याचा आकार, ५०० ग्रॅमच्या पनेटचं (छोट्या डब्याचं) पॅकिंग, ग्लोबलगॅपचं म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र आणि कीडनाशक अंशाचा ताजा अहवाल एका पानावर द्या. तुमच्या साइटवर मागच्या हंगामाचा अहवाल अजून तसाच आहे, तो आज काढा.