नादारीचा हुकूम झाला, मग हे फोन कशाला?

पत्र (थोडं कापून): मावशी, मिस्टरांचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान होतं, ते बुडालं. डोक्यावर एका फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन, क्रेडिट कार्डं आणि गावातल्या पतसंस्थेचं कर्ज, त्याला माझा सख्खा भाऊ जामीनदार. वकिलांनी कोर्टात नादारीचा, म्हणजे कर्ज फेडायची ऐपत राहिली नाही असा अर्ज टाकला आणि गेल्या वर्षी कोर्टाने ह्यांना नादार ठरवलं. आम्हाला वाटलं सुटलो. पण फायनान्सवाल्यांची पोरं रोज फोन करतात. हे आता लोकांकडे वायरिंगची कामं करतात, फोन बघितला की उलटा ठेवतात, मग फोन मला. परवा एकजण दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, गळ्यात मंगळसूत्र तर दिसतंय." भावाला पतसंस्थेची नोटीस आलीय, तो बोलत नाही. मंगळसूत्र विकून एकदाचं मिटवू का? – एक वाचक, सांगली जिल्हा

अगं, आधी त्या मंगळसूत्राचं बोलू, कारण ते वाचून माझं डोकंच फिरलं. विकायचं नाही. तुझं स्त्रीधन तुझं आहे, आणि तू कुठल्याच लोनवर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नसशील तर नवऱ्याच्या कर्जापायी तुझ्याकडे कोणी मागायला येऊ शकत नाही. (सही केलीयेस का हे मात्र कागद काढून बघ, आपल्याकडे "वहिनी इथे एक सही करा" म्हणून कशावरही सह्या घेतात.) आणि समज उद्या खरोखर कोर्टाचा बेलीफ जप्तीला आला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये स्पष्ट लिहिलंय की घरच्यांचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या चालीप्रमाणे बाईने उतरवू नयेत असे दागिने जप्त होत नाहीत. कारागिराची हत्यारं पण नाहीत, म्हणजे ह्यांचं ड्रिल आणि पक्कड सुद्धा. जे कोर्टाला नेता येत नाही ते तो शर्ट इन केलेला पोरगा दारात उभा राहून मागतोय.

आता मुद्द्याचं, आणि हे तुला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. नादार ठरणं म्हणजे कर्ज माफ होणं नाही. २०१६ मध्ये दिवाळखोरीचा नवा कायदा आला पण त्यातला साध्या माणसांच्या कर्जाचा भाग अजून लागू झालेला नाही, फक्त कंपन्यांच्या कर्जाला जे वैयक्तिक जामीन राहिलेत त्यांच्यापुरता १ डिसेंबर २०१९ पासून सुरू झालाय, त्यामुळे तुमची केस १९२० च्या जुन्या प्रांतिक नादारी कायद्याखाली चाललीये. त्यात दोन टप्पे असतात. पहिला हुकूम नादार ठरवण्याचा, तो तुमचा झाला. त्याने ह्यांची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या (ती सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस) ताब्यात जाते आणि केस चालू असेपर्यंत कर्ज देणाऱ्यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही की मालमत्तेला हात लावता येत नाही (जे कर्ज काही गहाण ठेवून घेतलंय त्याचं वेगळं, ते देणारा गहाणाची वस्तू ओढू शकतो). दुसरा हुकूम मुक्ततेचा, म्हणजे कर्जातून खरंच सुटण्याचा. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो कधीपर्यंत करायचा ती मुदत पहिल्याच हुकुमात लिहिलेली असते. ती चुकली तर नादारीच रद्द होऊ शकते आणि मग सगळे परत मोकळे! म्हणून आजच्या आज वकिलांना फोन करून एवढंच विचार, मुक्ततेच्या अर्जाची मुदत कधीची आहे. उलटून गेली असेल किंवा जवळ आली असेल तर योग्य कारण दाखवून वाढवून मागता येते, पण मागावी लागते. आणि मुक्तता मिळाली तरी सरकारी देणी आणि फसवणुकीतून झालेली देणी सुटत नाहीत हेही डोक्यात ठेव.

तोपर्यंत एकट्या फायनान्सवाल्याला गुपचूप काही देऊ नका. "ताई पाच हजार टाका, फाइल थांबवतो" असं म्हणतात, फाइल थांबत बिंबत नाही, आणि नादारीत पैसा सगळ्यांचा असतो, एकाला परस्पर दिला की बाकीचे कोर्टात बोंबलणार. ह्यांना अजून एक सांग, मुक्तता होईपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपयांची जरी उधारी घेतली तरी त्या कायद्यात तो गुन्हा आहे. हो, पन्नासच, आकडा १९२० चा आहे, कोणी बदलला नाही! पण गंमत म्हणून सोडून देऊ नका, मोबाईलवरच्या लोन ॲपचा मोह तर अजिबात नको.

फोनचं काय करायचं. तर ब्लॉक करू नकोस, नवीन नंबरवरून येतातच आणि पुरावा हातातून जातो. कोर्टातून त्या हुकुमाची सर्टिफाइड नक्कल काढून घे, दोन-तीन प्रती. फोन आला की एकच वाक्य, कोर्टाने ह्यांना नादार ठरवलंय, केस नंबर हा, रिसीव्हरशी किंवा आमच्या वकिलांशी बोला, आणि तुमचं नाव आणि एजन्सी सांगा. मग ठेवून द्यायचा. रडायचं नाही, खुलासे द्यायचे नाहीत, पोरीची फी कशी भरली हे तर मुळीच सांगायचं नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायचे नाहीत, धमकी-शिवीगाळ नाही, चारचौघात अपमान नाही, घरी आलेल्या एजंटकडे ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र पाहिजे. ते दाखव म्हणालीस की अर्धे जिन्यातूनच परत जातात. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल कर, नक्कल जोड, परवाचं वाक्य जसंच्या तसं लिही, तारीख वेळेसकट. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार होते, पैसे लागत नाहीत. पुन्हा कोणी दारात येऊन तसलं बोलला तर थेट पोलीस स्टेशन. उलट ते "पोलीस घेऊन येतो" म्हणतात ना, तर कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. फक्त ह्यांचा कुठला चेक बाउन्स झालेला असेल तर ती फौजदारी केस असते आणि नादारीने ती आपोआप मिटत नाही, त्या नोटिशीला वेळेत उत्तर आणि तारखेला हजेरी लागतेच.

राहिला भाऊ. इथे तुला गोड वाटेल असं काही माझ्याकडे नाही. नवऱ्याच्या नादारीने जामीनदार सुटत नाही, पतसंस्था त्याच्या मागे लागणार, सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला (थकबाकी वसूल करायचा सहकार खात्याचा हुकूम) काढला की वसुली अधिकारी त्याच्या पगारावर, शेतावर येऊ शकतो. आणि पतसंस्थेला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू नाहीत, तिथली तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे. त्याचा राग खोटा नाहीये गं. "आम्ही नादार आहोत, आम्ही काय करणार" हे त्याला चुकूनही म्हणू नकोस. ह्यांना बरोबर घेऊन जा, ह्यांनीच बोलायचं, तू नाही. दाखला निघायच्या आधीच भावाने पतसंस्थेत जाऊन व्याजात सूट आणि हप्ते मागितले तर बहुतेक वेळा ऐकतात, त्यांनाही वसुली दाखवायची असते. त्याने जेवढं भरलं तेवढं ह्यांच्याकडून त्याचं येणं होतं, त्या पावत्या जपून ठेवायला सांग आणि नादारीच्या केसमध्ये त्याचा क्लेम लावता येतो का ते वकिलांना विचार.

फोन उलटा ठेवणाऱ्या माणसाला पण एक काम दे. एक वही, कोणाचा फोन, किती वाजता, काय म्हणाला, हे ह्यांनी लिहायचं. सगळं तुझ्याच कानावर का?

नोटीस कुठल्या तारखेची आहे आणि वकील मुदतीचं काय म्हणाले ते कळव, मग पतसंस्थेला द्यायच्या पत्राचं बघू.

– मावशी