मीटरवरची लाल किटली

प्रश्न : काका, माझी डिझेल पिकअप दोन लाख किलोमीटर चाललेली आहे. केळी भरून सावद्यात रांगेत उभा राहिलो की मीटरवर लाल किटलीसारखी खूण लुकलुकते. जरा रेस दिली की विझते. ऑईल बघितलं, पातळी पूर्ण आहे. ड्रायव्हर म्हणतो, सेन्सर गेलाय, वायर काढून टाकू. काढू का?
– एक केळीवाला, ता. रावेर

उत्तर : भाऊ, वायरला हात लावू नका. ड्रायव्हरचं म्हणणं खरंही निघेल, पण ते तपासून ठरवायचं.

ती किटली ऑईल किती आहे हे सांगत नाही, ऑईलला दाब आहे का ते सांगते. तुमच्याच शेतातलं बघा. ठिबकच्या नळीला उंदरानं भोकं पाडली की विहिरीत पाणी असतं, मोटार चालू असते, आणि तरी शेवटच्या खोडाला थेंब पोचत नाही. दोन लाख किलोमीटरनंतर क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याची, बेअरिंगं झिजतात, फट वाढते, तिथून ऑईल निसटतं. त्यात आपला मे महिना. तापलेलं ऑईल पाण्यासारखं पातळ होतं आणि गाडी उभी असली की पंपही हळू फिरतो. रेस दिली की पंप जोर धरतो, लाईट विझते.

मेकॅनिककडून प्रेशर स्विच, म्हणजे ड्रायव्हर म्हणतो तो सेन्सर, काढून त्या जागी काट्याचं गेज लावून घ्या. इंजिन चांगलं तापू द्या, मग बिनरेसचा दाब बघा. गेजवर दाब बरोबर असेल तर स्विच बदला, स्वस्तात सुटाल. दाब कमी असेल तर फिल्टर, चेंबरमधली (इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्यातली) जाळी, पंप, बेअरिंगं अशा क्रमानं जा. आणखी एक. पातळी ‘पूर्ण’ म्हणता, पण ती आपोआप वाढली तर नाही ना? डिपस्टिक नाकाशी धरा. डिझेलचा वास आला तर ऑईलमध्ये डिझेल उतरून ते पातळ होतंय.

चालत्या गाडीत किटली पेटून राहिली तर बाजूला घ्या, चावी बंद. मी स्वतः हे पाप केलंय. एरंडोलच्या अलीकडे चेंबरला दगड लागला, किटली पेटली. शेजारी बसलेला म्हणाला, ‘काई व्हत नही भो, गाव तं दिसी ऱ्हायनं.’ गाव आलं, इंजिन आलं नाही. उघडलं तेव्हा क्रँक निळा पडला होता.

जुनी गाडी घेताना आधी नुसती चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. तेव्हा किटली पेटलीच पाहिजे. नाही पेटली तर कुणीतरी तुमच्या ड्रायव्हरचा सल्ला आधीच ऐकलेला असू शकतो.

प्रश्न : पेट्रोल कारमध्ये इंजिनाचं पिवळं चित्र पेटलंय. गाडी बंद करू का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : ताई, पिवळी खूण लाल खुणेइतकी घाईची नसते. स्थिर पेटलेली असेल आणि गाडी नीट चालत असेल तर दोन-चार दिवसांत स्कॅनर लावून कोड बघून घ्या. लुकलुकत असेल तर मात्र एखादा सिलिंडर मिस होतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन तिथला धूर साफ करणारा महागडा कन्व्हर्टर जाळतंय. त्या दिवशी कन्नडचा घाट नको, हळूहळू जवळच्या गॅरेजपर्यंतच जा.