पट्टा पकडीचा की मनगटाचा?

प्रश्न : ताई, मी 27 वर्षांची, सांगलीत बँकेत नोकरी करते. दीड वर्ष जिमला जातेय. डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरचा बार उभं राहत मांड्यांपर्यंत उचलणं) 80 किलोला तिसऱ्या-चौथ्या रेपलाच बार बोटांतून निसटतो, पाय आणि पाठ मात्र दमलेले नसतात. शिवाय बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर पडून बार वर ढकलताना, उजवं मनगट दुखतं. ट्रेनर म्हणतात, स्ट्रॅप घे, दोन्ही प्रश्न मिटतील. कोणते घेऊ?

उत्तर : ट्रेनरने दोन दुखण्यांवर एकच पुडी बांधून दिलीय. बार निसटतो तो पकडीचा प्रश्न, त्याला लिफ्टिंग स्ट्रॅप. मनगट दुखतं त्याला रिस्ट रॅप, म्हणजे मनगटाला आधार देणारी गुंडाळायची पट्टी. दुकानात दोन्ही 'मनगटाचा पट्टा' म्हणून शेजारी टांगलेले असतात, तिथेच घोळ होतो. स्ट्रॅप हाताला बारशी बांधतो. बेंचला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आधी एक विचारते. तुमच्या जिममध्ये बार एकच आहे ना, सगळ्यांना मिळून? वेटलिफ्टिंगमध्ये पुरुषांचा बार 28 मिलिमीटर जाडीचा, बायकांचा 25. ते तीन मिलिमीटर लहान हाताला चांगलेच जाणवतात. त्यामुळे 'माझी पकडच कच्ची' म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. तळहातांना पकडीचा खडू लावून बघ. जिमवाले पांढरी पूड सांडू देत नसतील तर बाटलीतला पातळ खडू मिळतो. आमच्या कितीजणींचं काम तेवढ्यावर भागलं.

तरी स्ट्रॅप हवाच असेल तर सुती घे, साधारण दीड इंच रुंद, एका टोकाला फासा असलेला. सुती पट्टा घाम पितो. नायलॉनचा टिकतो खरा, पण पातळ असला की मनगटाला काचतो. आठाच्या आकड्यासारखा मिळतो तो तुला नको, त्यातून हात चटकन सुटत नाही.

आता बांधणं. मोकळं टोक फाशातून ओवून हात आत घाल. शेपूट अंगठा आणि तर्जनीच्या मधून, तळव्यावरून खाली यायला हवं. तुझी बोटं बारवरून पुढे वळतात. पट्टा उलट, बारच्या खालून पुढे नेऊन वरून आपल्याकडे घे. एक-दोन वेढे पुरेत. मग मोटारसायकलचा अ‍ॅक्सिलरेटर पिळतात तसा बार स्वतःकडे फिरव, पट्टा आपोआप आवळतो. बहुतेकजण बोटांच्याच दिशेने गुंडाळतात आणि 'पट्टा सुटतो' म्हणून कंपनीला शिव्या घालतात.

सराव सेटना पट्टा नको. आधी उघड्या हातांनी उचल, शेवटच्या एक-दोन जड सेटना लाव. पहिल्या सेटपासून बांधलास तर पकड वाढणार कधी? आणि पुढे पॉवरलिफ्टिंग स्पर्धेत उतरायचं मनात असेल तर तिथे डेडलिफ्टला स्ट्रॅप चालतच नाही. रिस्ट रॅप चालतो, एक मीटर लांब आणि आठ सेंटिमीटर रुंद, त्याहून मोठा नाही.

मनगटाचं म्हणशील तर रॅपआधी आरशात बघ. बार बोटांच्या मुळाशी धरून मनगट मागे मोडतेस, असा माझा अंदाज आहे. बार तळव्याच्या खालच्या गादीवर, हाताच्या हाडाच्या रेषेत हवा. त्यानंतर रॅप. तो घड्याळाच्या जागी बांधू नकोस, सांध्याची घडी झाकली गेली पाहिजे. अंगठ्याची कडी फक्त गुंडाळताना, मग काढून टाकायची. सेट संपला की सैल कर. रात्री बोटांना मुंग्या येत असतील किंवा सूज असेल तर पट्टे राहू देत, आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : मी क्लीन (जमिनीवरचा बार एका झटक्यात खांद्यावर घेणं) शिकतोय. स्ट्रॅप बांधून केला तर जास्त वजन जाईल का? (विद्यार्थी, वय 19)

उत्तर : जाईल, आणि खालीही येईल, तुझे हात घेऊन. विशीत मी हाच शहाणपणा केला होता. बार खांद्यापर्यंत पोचला नाही, सोडायला गेले तर हात बांधलेले! मनगट तीन आठवडे सुजून होतं, घरी सांगितलं की जिन्यावरून पडले. क्लीन चुकला तर बार टाकून मागे सरता आलं पाहिजे. वेटलिफ्टर मीराबाई चानूने टोकियो ऑलिंपिकमध्ये 115 किलो क्लीन अँड जर्कला (खांद्यावरून पुढे डोक्यावर) उचलले ते स्ट्रॅपविना. वेटलिफ्टिंग स्पर्धेत तो चालत नाही. अंगठा आत, त्यावर बोटं, ही हुक ग्रिप शिकून घे. पहिले काही दिवस अंगठा ठणकतो. नुसते पुल, म्हणजे बार खांद्यावर न घेता फक्त वर ओढणं, करताना मात्र स्ट्रॅप लाव, त्याला माझी हरकत नाही.